तिसरी आवृत्ती काढण्यापूर्वी

३ ऑक्टोबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझे अक्षर पाहून तुझ्या मनात प्रथम जे आले असेल ते काढून टाक. घरात कोणालाही काही झालेले नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे, शिलाईच्या मावशींनी चष्मा बदलला आहे आणि आपली जोड्यांची कार्यशाळा नेहमीच्या वेळेला उघडते व बंद होते. पत्र कामाचे आहे. फोन केला असता. परंतु फोनवर आपण दोघे लवकर तापतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. कागदावर मुद्दा पळून जात नाही.

मुद्दा असा. ज्या रुग्णालयाकडून आपल्याकडे अधू पायांच्या जोड्यांच्या मागण्या येतात, त्यांनी आपला संगणक तपासला. पायाच्या मापाच्या प्रोग्रामच्या तीन आवृत्त्या त्यावर एकत्र नांदत असल्याचे त्यांना आढळले: वडिलांच्या वेळची तिसरी, मधली पाचवी, आणि मी घेतलेली सातवी. जुन्या आवृत्त्यांची देखभाल कंपनीने थांबवली असल्यामुळे त्या उघड्या राहिलेल्या खिडकीसारख्या आहेत, तिथून कोणीही आत शिरू शकतो, असे त्यांचे म्हणणे. महिनाअखेरपर्यंत दोन्ही काढा, अन्यथा मागण्यांची जोडणी बंद. जोडणी बंद म्हणजे आपले बहुतेक काम बंद, हे तुला समजावण्याची आवश्यकता नाही.

मी त्याच दिवशी दोन्ही काढल्या आणि तसे लेखी कळवले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या तपासनीस बाईंचा फोन आला.

"साहेब, दोन्ही अजून आहेत."

"शक्य नाही. मी स्वतः काढल्यात."

"कशा काढल्यात?"

"पडद्यावर त्यांची चित्रं होती, ती पुसली."

बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "साहेब, दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू जात नाही हो. तो आत पंखा लावून झोपलाय."

हे वाक्य मी घरी सांगायला नको होते. तुझी वहिनी आता मला दुपारी डुलकी लागली की "भाडेकरू आहे का आत?" असे विचारते. आवृत्त्यांची चर्चाही घरात इतकी झाली की शेजारच्या बाईंना वाटले, आमच्याकडे तिसरी, पाचवी आणि सातवीतली मुले राहायला आली आहेत.

आता खरा अडथळा. आपले एक जुने गिऱ्हाईक आहे. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड, लहानपणीच्या दुखण्यामुळे. पाय हळवा आणि स्वभाव काटेकोर. त्याचे जोडे तू तिसरीवर बेतायचास आणि ते बिनतक्रार बसायचे. ते झिजले. तेच माप सातवीत उघडले, त्याच यंत्राने लाकडी साचा कोरला, मावशींनी त्याच हाताने कातडे शिवले. तरी जोडा चवड्याला आवळतो. गिऱ्हाईक हल्ली काठी घेऊन चालते. याचा अर्थ, तिसरीत असे काहीतरी आहे जे सातवीत आलेले नाही. ते काय, हे कळण्यापूर्वी मी तिसरी काढू शकत नाही आणि महिना उलटल्यावर ठेवू शकत नाही. एकदा ती गेली की तू आजवर बेतलेले सगळे पाय तिच्याबरोबर जातील.

म्हणून तुला विचारतो. उत्तर लेखी द्यावे.

सातवी घेण्याचा निर्णय योग्य होता, हे माझे मत कायम आहे. त्या दिवशी तू रापी आणि हातोडी पिशवीत घालून "तुझं ते मशीन पायाला काही विचारत नाही" असे म्हणून निघून गेलास, त्याचा मी येथे उल्लेख करीत नाही.

तुझा,
दादा


११ ऑक्टोबर

चि. बारक्या,

तुझे उत्तर मिळाले. त्याला पत्र म्हणावे की चिठ्ठी, हे ठरवता आले नाही. तीन वर्षांनी भाऊ लिहितो, आणि सुरुवात काय, तर "दादा, ते गिऱ्हाईक तूच आहेस हे शेंबड्या पोरालाही कळेल." मायना नाही, तारीख नाही. तुझ्या वहिनीने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली आणि दोन्ही वेळा हसली.

ठीक आहे. गिऱ्हाईक मी आहे. कोठे टोचते ते नीट लिही, असे तू म्हटले आहेस, म्हणून लिहितो. सकाळी घालताना काही वाटत नाही. जिना उतरताना अंगाचा भार पुढे आला की करंगळीच्या मुळाशी कोणीतरी चिमटा घेऊन धरल्यासारखे होते. खुर्चीत बसलो की चिमटा सुटतो. त्यामुळे कार्यालयात मी उत्तम असतो आणि रस्त्यावर निकामी. काठी तात्पुरती आहे.

"तिसरीला हात लावू नकोस, आधी पाचवी काढ" या तुझ्या सूचनेप्रमाणे पाचवी काढली. या वेळी रीतसर. प्रथम सर्व मापे एका वेगळ्या डिस्कवर उतरवली. उतरवली म्हणजे उतरली असे मी धरले नाही. त्यातली काही तिथूनच उघडून पाहिली. मग प्रोग्राम बंद करून, फोल्डर सरळ पुसून न टाकता, संगणकात प्रोग्राम काढण्याचा जो स्वतंत्र विभाग आहे तेथून पाचवीला निरोप दिला. फोल्डर पुसले तर मुळे आत राहतात आणि पुढे त्रास देतात, हे तपासनीस बाईंनी बजावले होते. तू येथे असताना हे सगळे तूच करायचास आणि मी फक्त "झालं का?" असे विचारायचो.

काम मध्यावर आले असता पडद्यावर एक चौकट उगवली: "हा घटक इतर कोणताही प्रोग्राम वापरत नसावा. काढून टाकायचा का?"

बारक्या, मी उभे आयुष्य हिशेब तपासण्यात घालवले. ताळेबंदाखाली कोणी "घोटाळा नसावा" असे लिहून आणले असते, तर मी सही केली असती का? वापरतो किंवा वापरत नाही. "नसावा" म्हणजे काय? ज्याला स्वतःलाच खात्री नाही, तो मला खात्री विचारतो! मावशी मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"कुणी वापरत नसावं म्हणून काढायला लागलात, तर माझा नंबर कधी ते आधी सांगा," त्या म्हणाल्या.

मी "नाही" दाबले. घटक राहिला, पाचवी गेली. नंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि मोजणीच्या यंत्रावर तुझ्या वहिनीचा पाय ठेवून पाहिला. यंत्र चालते. "माझ्या पायाचं एवढं कौतुक लग्नानंतर पहिल्यांदाच," असे तिचे म्हणणे पडले.

तो घटक ठेवला ते योग्य झाले का, कळव. आणि तिसरीचे काय?

मावशींकडून कळले की तू त्यांना अधूनमधून फोन करतोस, आणि तुझ्या कारखान्यात तयार जोडे बनतात, तेथे "पाय नसतो, नुसता नंबर असतो" असे म्हणालास. मला हे परस्पर कळले, याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त नोंद आहे.

दादा


१९ ऑक्टोबर

चि. बारक्या,

"बरं केलंस. तो घटक मोजणीच्या यंत्राचा होता, काढला असतास तर यंत्र आंधळं झालं असतं." तुझ्या पत्रातले हे वाक्य मी कार्यालयात मावशींना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "एवढंच लिहिलंय?" मी सांगितले, एवढे पुरेसे आहे.

तुझा प्रश्न मात्र मला प्रथम विचित्र वाटला. "माप घेताना तू उभा होतास की बसलेला?" अरे, आपल्याकडे कोण उभे राहते? वडिलांचा पहिला नियमच तो होता. दुखरा पाय घेऊन माणूस इथवर चालत आला, त्याला आणखी उभे करायचे नाही. आधी बसवायचे, पाणी द्यायचे, मग पाय आपल्या मांडीवर घेऊन मापायचा. मोजणीचे यंत्र आले तेव्हा त्यांनी ते जमिनीवर न ठेवता ठेंगण्या स्टुलावर ठेवले, ते याचसाठी. मीही बसूनच माप दिले.

हे लिहिता लिहिता तुझा रोख ध्यानात आला आणि मी सातवी उघडली. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात लिहिले आहे: "मापाची स्थिती: उभे." तेथे बोट ठेवले की "बसून" असा दुसरा पर्यायही निघतो. तीन वर्षे तो तेथे आहे. नव्या गिऱ्हाइकांची मापे रुग्णालयातूनच उभ्याने घेऊन येतात, म्हणून इतके दिवस कोणाचे अडले नाही.

आता सगळे जुळते. उभ्या माणसाचा पाय अंगाच्या भाराने पसरतो. बसलेल्याचा पसरत नाही. सातवी समजत होती की पाय पसरलेलाच मोजला आहे, म्हणून ती काही वाढवत नव्हती. तिसरीला यातले काहीच कळत नव्हते. तेथे तू प्रत्येकाचा तळवा हाताने दाबून, हा किती पसरेल याचा अंदाज घेऊन, साच्याची रुंदी स्वतः वाढवायचास. ती वाढ तिसरीने आपल्याजवळ वेगळी ठेवली. सातवीने कोरे माप तेवढे उचलले. तुझा हात तिसरीतच राहिला.

म्हणजे तुझे ते वाक्य अर्धे खरे ठरले. मशीन विचारते, फार हळू आवाजात विचारते.

"बसून" हा पर्याय निवडून पाहिला. त्याने सगळ्या पायांना सरसकट सारखीच वाढ दिली. माझ्या डाव्या पायाला ती चालते, उजव्याला चालत नाही. इतरांचेही असेच होणार. आपल्याकडे सरसकट पायाचा माणूस येतच नाही, आला असता तर बाजारातला जोडा घेऊन गेला असता. तेव्हा उपाय एकच दिसतो: प्रत्येक माप तिसरीत उघडायचे, तुझी वाढ त्या आकारातच पक्की करायची, मग तो आकार सातवीत आणायचा, आणि सगळे आले की तिसरी काढायची.

पहिलेच माप उघडले आणि थबकलो. तू एकेका पायाला दोनदोन, तीनतीन वाढी करून ठेवल्या आहेस. कोणती अखेरची, हे कोठेही दिसत नाही. तपासनीस बाईंना मुदतवाढ मागितली. त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्या हातात असतं तर दिली असती." कोणती वाढ खरी, हे तुझ्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही; आणि लिहून कळवण्याजोगी ही गोष्ट नाही, कारण तू साचा हातात घेऊन, अंगठा फिरवूनच ठरवणार. जुने साचे सगळे फळीवर आहेत.

तू यावेस असे मी म्हणत नाही. तुला तेथे रजा मिळणे अवघड असेल, याची कल्पना आहे. मागची खोली झाडून घेतली आहे आणि तेथला दिवा बदलला आहे, एवढेच कळवतो.

दादा

ता. क. भावजी, पत्र पाकिटात घालायच्या आधी मी वाचलं. तिसऱ्यांदा लिहिलंय हे पान, आणि एवढ्या पानभर मजकुरात यांना एक "ये" लिहिता आला नाही. जिन्यावरून उतरताना कठडा धरून थांबतात, तेही लिहिलेलं नाही. तुम्ही या. भांडायचं असेल तर इथं येऊन भांडा, मला तेवढीच करमणूक. — वहिनी


९ नोव्हेंबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचे मावशींकडून कळले. या वेळी त्यांच्यानंतर लगेच मलाही फोन केलास, त्यामुळे बातमीची पडताळणी झाली.

तुझ्या मुक्कामात बोलायचे राहिले असे काही नाही. पण मला गोष्ट लिहून पूर्ण केल्याशिवाय ती पूर्ण झाली असे वाटत नाही. म्हणून लिहितो.

तू दारात उभा राहिलास आणि माझ्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहिलेस. मी काय बोलायचे ते ठरवून ठेवले होते. ते तसेच राहिले.

"काठी कधीपासून?"

"तात्पुरती आहे."

"बस आधी."

मी बसलो. पिशवी खांद्यावरून न उतरवता तू खाली बसून माझा पाय मांडीवर घेतलास आणि चवड्याखाली अंगठा दाबून पाहिलास. मावशी शिवण थांबवून म्हणाल्या, "या! माणसांनी बोलावलं तेव्हा सवड नव्हती. जुना प्रोग्राम मरायला टेकला म्हटल्यावर बरे धावत आलात." तू म्हणालास, "मावशी, तुमच्यासाठीच आलो." त्या म्हणाल्या, "खोटं बोलायला तरी विसरला नाहीत." त्यांनी नवा चष्मा काढून पुसला. त्यावर धूळ नव्हती, हे मी पाहिले.

तू फळीवरून एकेक साचा उतरवायचास, डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचास आणि सांगायचास, "दुसरी वाढ. पहिली पुसून टाक." मी तिसरीत ती पक्की करून सातवीत उघडायचो आणि रुंदी मोठ्याने वाचायचो. कोठे शंका आली तर तू त्या माणसाबद्दल बोलायचास. ही शाळेतली बाई, दिवसभर फळ्यापाशी उभी, हिला जास्त दे. हा घड्याळजी, बसून असतो, याला कमी. मी ही माणसे पावत्यांवरून ओळखतो. तू पायांवरून ओळखतोस. इतकी वर्षे एकाच दारातून ती आत आली.

वादही झाला, तो वगळणे योग्य होणार नाही.

"सातवी वाईट नाही," तू म्हणालास. "उद्धट आहे, एवढंच."

"उद्धट नाही. तिने विचारलं होतं. कोपऱ्यात."

"मग वाचायचं कुणी? बारीक अक्षरं वाचायचं खातं तुझं."

"आणि पायाचं खातं तुझं. तू तिच्यापुढे बसला असतास तर..."

येथे तुझ्या वहिनीने बाहेरून ओरडून सांगितले की जेवण वाढले आहे आणि भांडण झाकून ठेवा, गार होणार नाही. आपण उठलो. जेवल्यावर ते उघडायचे कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

अखेरचे माप आले तेव्हा मी पुन्हा सर्व उतरवून घेतले, डिस्कवरून उघडून पाहिले, प्रोग्राम बंद केले आणि तिसरी काढण्याची आज्ञा दिली. चौकट आली: "आपली खात्री आहे का?" मी खुर्चीवरून उठलो आणि जागा तुला दिली. वडिलांनी ती आवृत्ती तुझ्यासाठी आणली होती. तिला निरोप देण्याचा अधिकार माझा नव्हता. तू बसलास. बोट ठेवलेस आणि थांबलास.

"विचारतं तरी," तू म्हणालास.

"विचारावंच."

तू "होय" दाबलेस. निळी पट्टी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली आणि संपली. इतक्या वर्षांच्या कामाला तिला फारसा वेळ लागला नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. सातवी उघडली. माझा उजवा पाय पडद्यावर आला, तुझ्या वाढीसकट.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाईंचा फोन आला. "साहेब, भाडेकरू गेला. पंखासुद्धा घेऊन गेला." त्यांना मी सांगितले की तो जाताना आपले सामान घराच्या मालकाच्या स्वाधीन करून गेला. त्यांना ते कळले नसावे. ("नसावे" हा शब्द मीही वापरू लागलो आहे.) मागण्यांची जोडणी सुरू आहे.

नवा जोडा मावशींनी तू निघण्यापूर्वी पुरा केला, हे तू पाहिलेसच. तू न पाहिलेले सांगतो. तुला स्टेशनावर सोडून मी चालत परत आलो. रिक्षा समोर उभी होती, ती घेतली नाही. काठी घरीच होती. पूल चढलो, उतरलो, बाजारातून लांबच्या वाटेने गेलो, आणि आपल्या जिन्याशी आल्यावर विनाकारण एकदा वर जाऊन पुन्हा खाली उतरलो. तुझी वहिनी वरून पाहत होती. "काही विसरलात का?" तिने विचारले. मी म्हणालो, काही नाही. त्यानंतर पुन्हा वर जाऊन मी दुसऱ्यांदा उतरलो.

आता एक कामाची बाब. फलाटावर तू डब्यात चढताना माझी नजर तुझ्या पायांकडे गेली. कारखान्यातला जोडा, डाव्या टाचेची बाहेरची कड पार झिजलेली. तू भार बाहेरच्या बाजूला टाकतोस. आदल्या संध्याकाळी, तिसरी गेल्यानंतर यंत्र चालते का ते पाहायला कोणाचा तरी पाय हवा म्हणून मी तुला स्टुलासमोर बसवले होते, ते तुला आठवत असेल. तू हसलास आणि म्हणालास, वहिनीचा ठेव की. मी तुझाच ठेवला. आपल्या संग्रहात गावातले पाय आहेत, बाहेरगावचे आहेत, एका आवृत्तीतून दुसरीत सुखरूप आलेले आहेत. तुझे कधीच नव्हते. आता आहेत. स्थिती: बसून. कोपऱ्यातले अक्षर मी दोनदा वाचले.

वाढ किती द्यावी, हे तुझा तळवा मांडीवर घेऊन, अंगठा दाबून ठरवण्याचा प्रयत्न मी तेव्हाच केला होता. तुला गुदगुल्या झाल्या आणि तू पाय ओढून घेतलास. त्यामुळे माझा अंदाज चुकीचा असण्याची पुरेशी शक्यता आहे. मावशी म्हणतात, जोडा दिसायला बरा झाला आहे. तो खिडकीजवळच्या फळीवर तयार ठेवला आहे.

तो टपालाने पाठव, असे तू लिहिशील. पाठवता येणार नाही. घालून पाहिल्याशिवाय जोडा वडिलांनी कधी दाराबाहेर जाऊ दिला नाही, आणि तो नियम बदलण्याचे कारण मला दिसत नाही. तेव्हा ये. आधी बसायचे, पाणी प्यायचे, मग जोडा घालायचा. आवळला तर तसे स्पष्ट सांगायचे, आणि दुरुस्त होईपर्यंत राहायचे.

तुझा,
दादा

ता. क. "ये" लिहिलंय. मी पाहिलं. — वहिनी